एक ‘कुठे’, तीन प्रश्न

फिनिश भाषेची ओळख बहुतेक ठिकाणी एका आकड्याने करून दिली जाते. या भाषेत 15 विभक्ती आहेत, असे सांगितले जाते आणि ऐकणारा तिथेच पुस्तक मिटतो. आकडा खोटा नाही. फिनिश व्याकरणात साधारण इतक्याच विभक्ती मोजतात. पण ही धास्ती मुळात कोणाची, हे पाहायला हवे. ज्यांच्या भाषेत नाम जसेच्या तसे राहते आणि त्याच्या आधी एखादा सुटा शब्द ठेवला की काम भागते, अशा इंग्रजीभाषक शिकणाऱ्यांची ती धास्ती आहे. आपल्याकडे फिनिश शिकण्याची साधने बहुतांशी इंग्रजीतून येतात, म्हणून त्यांच्याबरोबर ही भीतीही येते. मराठी माणसाने ती उसनी घेण्याचे कारण नाही. ‘खिसा’ या शब्दाला ‘त’ लावताना त्याचे ‘खिशा’ करून घेणाऱ्याला प्रत्यय ही वस्तू नवी नसते. मात्र त्याने निर्धास्तही राहू नये. मराठीला फिनिश अवघड जाते, फक्त अडचण दुसरीकडे असते. ती नेमकी कुठे असते हे पाहायला सर्वांत साधा रोजचा व्यवहार घेऊ : वस्तू किंवा जागा कुठे आहे, हे विचारणे.

फिनिश शब्द देवनागरीत लिहिताना थोडी तडजोड करावी लागते. ‘बॅट’मधल्या स्वरासारखा स्वर इथे ‘ॅ’ने दाखवला आहे, आणि ‘आ’, ‘ए’, ‘ओ’ लांबवायचे असतील तिथे अवग्रह घातला आहे. ऱ्हस्वदीर्घ आणि जोडाक्षरे मनापासून उच्चारावीत, कारण त्यांनी अर्थ बदलतो : ‘तुलि’ म्हणजे आग, ‘तूलि’ म्हणजे वारा आणि ‘तुल्लि’ म्हणजे जकात. फिनिश ‘त’ आपल्या ‘त’सारखाच दाती आहे आणि ‘क’, ‘प’ यांच्यात हकार मिसळत नाही. इंग्रजी जिभेला हे मुद्दाम शिकावे लागते, मराठी जिभेला नाही.

प्रश्नापासून सुरुवात करू. ‘मिस्सॅ ओन वेस्सा?’ म्हणजे ‘स्वच्छतागृह कुठे आहे?’ यातला ‘मिस्सॅ’ म्हणजे कुठे, ‘ओन’ म्हणजे आहे, आणि तिसरा शब्द ज्याच्याविषयी विचारायचे त्या गोष्टीचे नाव. ते नाव शब्दकोशात असते तसेच राहते. ‘वेस्सा’च्या जागी ‘आप्तेऽक्कि’ ठेवा, औषधांचे दुकान विचारले गेले. ‘राउतातिएआसेमा’ ठेवा, रेल्वे स्टेशन. ‘आवाइन’ ठेवा, किल्ली. म्हणजे ज्या 15 विभक्तींनी घाबरवले त्यांतली एकही हा प्रश्न विचारताना नामाला लावावी लागत नाही. सौजन्यासाठी आधी ‘आन्तेऽक्सि’ म्हणावे, माफ करा या अर्थी, आणि उत्तर मिळाल्यावर ‘कीतोस’, म्हणजे आभार. इंग्रजीतल्या ‘प्लीज’साठी फिनिशमध्ये वेगळा शब्द नाही, याने इंग्रजी शिकून आलेल्यांना चुकल्यासारखे वाटते. पण मराठीतही ‘कृपया’ हा शब्द पाटीवर असतो, तोंडात क्वचितच. आपण प्रश्न मऊ करतो तो ‘कुठे बरं’ किंवा ‘कुठेशी’ म्हणून. फिनिश माणूस प्रश्नशब्दालाच ‘हॅन’ जोडतो : ‘मिस्सॅहॅन’.

खरे व्याकरण उत्तरात असते. ‘आवाइन ओन तास्कुस्सा’, किल्ली खिशात आहे. ‘तास्कु’ म्हणजे खिसा आणि ‘स्सा’ म्हणजे आपला ‘त’. प्रश्नातला ‘मिस्सॅ’ही याच प्रत्ययाने बनला आहे. ‘मिकॅ’ म्हणजे काय, आणि ‘मिस्सॅ’ म्हणजे शब्दशः ‘कशात’. ज्या प्रत्ययात प्रश्न विचारला, पुष्कळदा त्याच प्रत्ययात उत्तर येते. प्रत्यय ‘स्सा’ असा लागायचा की ‘स्सॅ’ असा, हे शब्दातल्या इतर स्वरांवर ठरते. ‘आ, ओ, उ’ असलेल्या शब्दाला ‘स्सा’ लागतो, नाहीतर ‘स्सॅ’. ‘तालो’ म्हणजे घर, त्याचे ‘तालोस्सा’. ‘मेत्सॅ’ म्हणजे जंगल, त्याचे ‘मेत्सॅस्सॅ’. या स्वरमेळाला मराठीत तोड नाही, तो नव्यानेच शिकावा लागतो. पण चुकला तरी अर्थ सहसा बिघडत नाही, म्हणून त्यावर सुरुवातीला फार वेळ घालवू नये असे मला वाटते.

प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे अंग बदलते, ही इंग्रजी पाठ्यपुस्तकांना सर्वांत जास्त पाने खायला लावणारी बाब. ‘वेसि’ म्हणजे पाणी, पण पाण्यात म्हणजे ‘वेदेस्सॅ’. ‘कॅसि’ म्हणजे हात, हातात म्हणजे ‘कॅदेस्सॅ’. ‘काऽप्पि’ म्हणजे कपाट, कपाटात म्हणजे ‘काऽपिस्सा’, जोड ‘प’ एकेरी झाला. ‘हेल्सिंकि’चे ‘हेल्सिंगिस्सॅ’ होते, आणि ‘तुर्कु’ या शहराचे ‘तुरुस्सा’, त्यातला ‘क’ साफ गळतो. मराठी वाचकाला इथे एकच शब्द पुरतो : सामान्यरूप. पाणी, पाण्यात. कापूस, कापसात. दूध, दुधात. मधला स्वर गळणे, ऱ्हस्व होणे, ‘य’ घुसणे हे सगळे आपण नियम न आठवता करतो. फिनिशमध्ये बदल स्वरांपेक्षा व्यंजनांत जास्त दिसतो, एवढाच फरक. प्रत्ययाआधी शब्द मूळ रूपात राहीलच असे नाही, ही अपेक्षा मराठी कानाला जन्मापासून असते.

वाक्यातल्या शब्दांच्या क्रमाचेही तसेच. फिनिशमध्ये इंग्रजीसारखी उपपदे नाहीत. ‘आवाइन ओन तास्कुस्सा’ म्हणजे ‘किल्ली खिशात आहे’, ती आपण शोधत होतो ती किल्ली. ‘तास्कुस्सा ओन आवाइन’ म्हणजे ‘खिशात किल्ली आहे’, कुठलीतरी, पहिल्यांदाच समजलेली. इंग्रजीला यासाठी उपपद बदलावे लागते आणि एक पोकळ कर्ताही आणावा लागतो. फिनिश आणि मराठी दोन्ही नुसता क्रम फिरवून हे साधतात. मालकीचे तर विशेष आहे. ‘मिनुल्ला ओन आवाइन’ म्हणजे ‘माझ्याकडे किल्ली आहे’. फिनिशमध्ये ‘माझ्याजवळ असणे’ याच रचनेने मालकी सांगतात, त्यासाठी इंग्रजीतल्या ‘हॅव’सारखे क्रियापद नाही. म्हणून किल्ली सापडत नसेल तर ‘मिस्सॅ’ इतकाच ‘केनेल्लॅ ओन आवाइन?’ हा प्रश्न कामाचा : किल्ली कोणाकडे आहे? मात्र मराठी इथे जास्त चोखंदळ आहे. आपण किल्ली ‘माझ्याकडे’ म्हणतो, पण भाऊ ‘मला’ असतो आणि तापही ‘मला’ येतो. फिनिश या तिन्हींना ‘मिनुल्ला’च म्हणते.

यावर एक रास्त आक्षेप येईल. फिनिश ही उराली कुळातली भाषा, एस्टोनियनची सख्खी आणि हंगेरियनची लांबची नातलग. मराठी इंडो-आर्य. दोघींचा काही संबंध नाही, मग हे साम्य योगायोगाचे नाही का? योगायोगाचेच आहे, आणि त्यावरून नाते जोडायचा इथे हेतू नाही. नाते असते तर शब्दही जुळले असते. जुळते ती सवय, म्हणजे नामाच्या शेवटाकडे कान देण्याची, आणि शिकणाऱ्याला तेवढी पुरते. शिवाय साम्य जिथे संपते ती जागा लपवण्यात अर्थ नाही. ‘मोठ्या खिशात’ म्हणताना मराठी विशेषण फक्त वाकते, प्रत्यय एकट्या नामाला लागतो. फिनिशमध्ये विशेषणालाही तोच प्रत्यय पुरा लागतो : ‘इसोस्सा तास्कुस्सा’, जणू ‘मोठ्यात खिशात’. आणि 15 या आकड्याविषयी एवढेच म्हणता येईल, की त्यांतल्या सहा निव्वळ जागेच्या आहेत, उरलेल्यांपैकी काही बोलण्यात क्वचितच येतात. मराठीने ‘वर’, ‘कडे’, ‘पाशी’, ‘पर्यंत’, ‘खाली’ हे सारे नामाला जोडून लिहिले जाणारे शब्द विभक्तीत मोजायचे ठरवले, तर आपलाही आकडा शाळेतल्या आठांवर थांबणार नाही.

आता खऱ्या अडचणीकडे वळू. सकाळी घराबाहेर पडताना ऐकू येणारी तीन वाक्ये घ्या. किल्ल्या कुठे आहेत? मी किल्ल्या कुठे ठेवल्या? आणि शेवटी : कुठे सापडल्या? मराठीत तिन्हींत ‘कुठे’ एकच आहे. फिनिशमध्ये तीन वेगळे शब्द येतात. असण्यासाठी ‘मिस्सॅ’. ठेवण्यासाठी ‘मिहिन’, कारण ठेवताना वस्तू त्या जागी जाते. सापडण्यासाठी ‘मिस्तॅ’, कारण सापडलेली वस्तू त्या जागेतून बाहेर येते. उत्तरेही तशीच तीन : किल्ली ‘तास्कुस्सा’ आहे, ‘तास्कून’ ठेवली, ‘तास्कुस्ता’ सापडली. आपल्याला तिन्ही वेळा ‘खिशात’. मराठीला ‘खिशातून’ माहीत आहे, पण ते काढण्यासाठी. असणे आणि जाणे यांत मात्र मराठी प्रत्यय भेद करत नाही. ‘तो घरात आहे’ आणि ‘तो घरात गेला’ यांतला फरक आपण पूर्णपणे क्रियापदावर सोडतो. फिनिश तो नामावरच नोंदवते : ‘तालोस्सा’ आणि ‘तालोऽन’. सहा स्थलवाचक विभक्तींची सगळी मांडणी याच त्रयीवर उभी आहे. आतल्या तीन : असणे, बाहेर येणे, आत जाणे. वरच्या किंवा जवळच्या तीन : असणे, तिथून निघणे, तिथे पोचणे.

याचा फटका नेमका रस्ता विचारताना बसतो. ‘ओइकेआल्ला’ म्हणजे उजवीकडे, आणि ‘ओइकेआल्ले’ म्हणजेही उजवीकडे. पहिला शब्द सांगतो की दुकान उजव्या बाजूला आहे, दुसरा सांगतो की उजवीकडे वळा. फरक शेवटच्या एका स्वराचा. ‘ओइकेआल्ता’ म्हणजे उजवीकडून, तो मात्र आपल्यालाही वेगळा कळतो. मराठीभाषक शिकणारा पहिल्या दोन शब्दांना एकच समजून चालू लागतो आणि दुकान समोर असताना पुढच्या गल्लीत वळतो. चूक कानाची नाही. त्याच्या भाषेने हे दोन अर्थ कधी वेगळे ठेवलेच नव्हते, म्हणून कानाने ते वेगळे टिपले नाहीत. फिनिशमध्ये आघात नेहमी पहिल्या अवयवावर येतो. त्यामुळे जिथे सारी माहिती असते तो शेवट हलक्या आवाजात निघून जातो, ही भर वेगळीच.

काही क्रियापदे तर मराठी अंतर्ज्ञानाच्या उलट जातात. आपण पेपरात वाचतो, फिनिश माणूस पेपरातून वाचतो : ‘लेह्देस्तॅ’. आपण बॅगेत किल्ली शोधतो, तो ‘लाउकुस्ता’ शोधतो, बॅगेतून. आपण फोन घरी विसरतो, तो फोन ‘कोतीन’ विसरतो, म्हणजे घराकडे नेऊन ठेवल्यासारखा. गाडी रस्त्यावर उभी केली, तर ती रस्त्याकडे जाणाऱ्या विभक्तीत, ‘कादुल्ले’. मात्र उभी आहे असे म्हणताना ‘कादुल्ला’. पहिल्या वाचनात हे लहरी वाटते, पण त्यामागे सुसंगत दृष्टी आहे. माहिती, वस्तू, शोध हे ज्या जागेतून तुमच्याकडे येतात ती जागा ‘तून’मध्ये. आणि कृतीनंतर वस्तू जिथे राहणार ती जागा ‘कडे’मध्ये, मग वस्तू प्रत्यक्ष हलो वा न हलो. ‘कोतीन’ विसरलेला फोन जागचा हलला नाही, पण विसरण्याच्या परिणामी तो घरी राहिला. म्हणून क्रियापद पाठ करताना त्याचा अर्थ पुरेसा नाही. ते तीनपैकी कोणता ‘कुठे’ मागते, हे त्याच्यासोबतच पाठ करावे. शब्दकोशात अर्थाशेजारी हे लिहिलेले असते आणि नवशिका तेवढेच वाचायचे सोडतो.

‘आत’ आणि ‘वर’ यांच्या निवडीत मात्र मराठी वाचक पुन्हा ओळखीच्या जमिनीवर येतो. स्टेशनवर म्हणजे ‘आसेमाल्ला’, शाळेत म्हणजे ‘कोउलुस्सा’, दुकानात म्हणजे ‘काउपास्सा’, जुळते. बाजाराचा चौक म्हणजे ‘तोरि’, तिथे आपण ‘बाजारात’ म्हणू आणि फिनिश ‘तोरिल्ला’ म्हणेल, कारण फिनिश बाजार हा उघडा चौक आहे, त्याला आत नाही. गावांच्या नावांत तर नियमापेक्षा रूढी मोठी. ‘हेल्सिंगिस्सॅ’, ‘तुरुस्सा’, ‘एस्पोऽस्सा’ ही आतली. पण एस्पोला लागून असलेल्या वांताचे ‘वांताऽल्ला’ आणि ताम्पेरेचे ‘ताम्पेरेऽल्ला’ ही वरची. देशांत स्वीडनमध्ये ‘रुओत्सिस्सा’, भारतात ‘इंतिआस्सा’, आणि रशियात मात्र ‘वेनॅयॅल्लॅ’, जणू रशियावर. कोकणात, वऱ्हाडात, पण घाटावर आणि देशावर, असे बोलणाऱ्या माणसाने याचे कारण विचारत बसू नये. आपल्या गावाचे विचारले तर परदेशी नावांना सहसा आतलाच प्रत्यय लागतो : ‘पुनेस्सा’, ‘मुंबाइस्सा’.

घराची गोष्ट वेगळी नोंदवायला हवी. मराठीत ‘घरात’ आणि ‘घरी’ हे दोन शब्द आहेत. ‘घरात’ म्हणजे भिंतींच्या आत, ‘घरी’ म्हणजे आपल्या मुक्कामी, मग माणूस गच्चीवर असला तरी. ‘घरी’मधला ‘ई’ हा जुन्या सप्तमीचा अवशेष, ‘दारी’, ‘शिरी’ अशा मोजक्या शब्दांत उरलेला. फिनिशमध्येही ‘तालोस्सा’ आणि ‘कोतोना’ अशी जोडी आहे, आणि ‘कोतोना’मधला ‘ना’ हाही एका जुन्या स्थलवाचक विभक्तीचा अवशेष. आज त्या विभक्तीचे मुख्य काम ‘अमुक म्हणून’ असा अर्थ दाखवण्याचे आहे, पण ‘घरी’, ‘बाहेर’, ‘मागे’ अशा काही शब्दांत तिचे जुने काम टिकून आहे. तरी त्रयी इथेही सुटत नाही : ‘कोतोना’ घरी, ‘कोतोआ’ घरून, आणि ‘कोतीन’ पुन्हा घरी, जायचे असेल तर.

खाली, मागे, पुढे हे सांगताना फिनिश वस्तूच्या नावाला ‘न’ लावते, म्हणजे ‘च्या’, आणि मग जागेचा शब्द ठेवते : ‘तुओलिन आल्ला’, खुर्चीच्या खाली. शब्दाशब्दाने मराठीच. फक्त ‘खाली’ही तीन : आहे ते ‘आल्ला’, खालून काढले ते ‘आल्ता’, खाली ठेवले ते ‘आल्ले’. बोट दाखवून उत्तर मिळाले तर हे सारे टळते, तेव्हा ‘तॅस्सॅ’ म्हणजे इथे, अगदी या जागी. ‘तॅऽल्लॅ’ म्हणजे इकडे, या भागात. ‘तुओल्ला’ म्हणजे तिथे, दिसणाऱ्या जागी. ‘सिएल्लॅ’ म्हणजे त्या ठिकाणी, ज्याचा उल्लेख झाला आहे, दिसत असो वा नसो.

शेवटचा आक्षेप व्यवहारी आहे. फिनलंडमध्ये इंग्रजी सर्रास चालते, मग एवढा उपद्व्याप कशाला? स्वच्छतागृह विचारण्यापुरता हा आक्षेप मान्य करावा. पण दारावरच्या ‘न’ आणि ‘म’ या अर्थाच्या रोमन अक्षरांतले पहिले अक्षर ‘नाइसेत’चे, म्हणजे स्त्रियांचे, आणि दुसरे ‘मिएहेत’चे, म्हणजे पुरुषांचे, हे तरी ठाऊक असावेच. इंग्रजीच्या सवयीने दुसऱ्या अक्षराचा अर्थ लागतो, पहिल्याचा लागत नाही. हेलसिंकीतल्या रस्त्यांच्या पाट्यांवर दुसरी भाषा असते ती स्वीडिश, कारण फिनिश आणि स्वीडिश या दोन्ही तिथल्या राष्ट्रभाषा आहेत. आणि तिथे राहायला गेलेल्या माणसाला जागेची माहिती फक्त विचारल्यावर मिळत नाही. रेल्वेतली घोषणा, शेजारच्या आजीने सांगितलेली गोष्ट, पाळणाघरातल्या चिठ्ठीत लिहिलेले ‘मोजे कपाटात ठेवा’, हे सारे न विचारता येते आणि प्रत्ययातच येते. त्या चिठ्ठीत ‘काऽप्पीन’ लिहिले असेल तर मोजे नेऊन ठेवायचे आहेत, ‘काऽपिस्सा’ असेल तर ते तिथे आधीच आहेत.

बोलीतले फिनिश पुस्तकातल्यापेक्षा आखूड असते, याचीही तयारी हवी. ‘मिस्सॅ मिनुन आवाइमेनि ओवात?’ हे ‘माझ्या किल्ल्या कुठे आहेत?’ याचे शुद्ध रूप. हेलसिंकीत घरोघरी ते ‘मिस मुन आवाइमेत ओन?’ असे ऐकू येते. ‘मिस्सॅ’चा शेवट गेला, ‘माझ्या’चा संक्षेप झाला, नामाला लागलेला ‘माझ्या’चा प्रत्यय उडाला आणि अनेकवचनी ‘ओवात’च्या जागी एकवचनी ‘ओन’ आला. उत्तरातही ‘तास्कुस्सा’चे नुसते ‘तास्कुस’ उरते. शुद्ध रूप म्हणावे, कोणी हसणार नाही. कानाला मात्र दोन्ही रूपांची सवय लावावी, कारण आखूड झालेल्या ‘स’मध्येही ‘आत आहे’ हाच अर्थ असतो, आणि ‘आत ठेव’ याचे ‘तास्कून’ त्याहून वेगळेच राहते.